नात्याचा रकाना

श्रीपाद आला होता तो लेकीचं, राजसीचं नाव पाळणाघरातून काढून घ्यायला. आनंदनगरच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, म्हणून खरवईच्या या घरात तो पहिल्यांदाच भरदुपारी आला. बायको जाऊन दीड वर्ष झालं होतं. तीन वर्षांची लेक एकट्याने सांभाळणं जमत नाही, तिला गावी आईकडे ठेवायचं, असं ठरलं होतं.

तो दारातच थबकला. सतरंजीवर अकरा मुलं झोपली होती. मधे मीनल टीचर दोन्ही हातांनी दोघांना थोपटत होती, पायाने तिसऱ्याची झोळी हलवत होती. गप्प राहा म्हणायला बोट मोकळं नव्हतं, म्हणून तिने नुसते डोळे मोठे केले. श्रीपादने चपला हातात घेतल्या.

घरी तासभर रडून झोपणारी राजसी तिच्या मांडीला गाल टेकून गाढ झोपली होती. तो बघतच राहिला. कारखान्यात माल तपासायचं त्याचं काम. इथे मात्र खोट काढायला जागाच नव्हती...

"राजसीने काय खाल्लं ते मी लिहिते, त्या डबा-वहीत लाल पेनाने शेरे मारणारे तुम्हीच ना?" ती कुजबुजली. "'अर्धी चपाती म्हणजे नेमकी किती?'"

"सवय आहे हो... कामाची."

"मग बसा इथे. दोन मिनिटं या दोघांना थोपटा. मला पाणी प्यायचंय."

त्याचा हात लागताच त्यातला प्रज्वल ताडकन उठून बसला. पाठोपाठ आणखी तिघं.

"रिजेक्ट," मीनल म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी या. शिकवते."

नाव काढायचं राहूनच गेलं.

मग प्रत्येक शुक्रवारी तो येऊ लागला. मनगट सैल सोडायचं, हे शिकला. वहीतले शेरे बदलले — 'दोडका खाल्ला? कसं काय?' खाली तिचं अक्षर — 'समोर येऊन बघा.'

जूनमध्ये नवा फॉर्म आला. मुलाला न्यायला कोण येणार? दोन नावं, पुढे नातं. गेल्या वर्षी दुसरी ओळ कोरी होती. यंदा त्याने दोन्ही भरल्या.

शुक्रवारी दुपारी सगळी निजल्यावर मीनलने त्याच्यासमोरच फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. दुसऱ्या ओळीत तिचंच नाव होतं.

"नातं लिहायचं राहिलंय," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडून चूक सुटली?"

"सुटली नाही... ती जागा तुमच्यासाठी ठेवलीय. नको असेल तर नाव खोडा."

तिने त्याच्या खिशातलं लाल पेन काढलं. डावा हात राजसीला थोपटतच होता. उजव्याने तिने रकान्यात लिहिलं — आई.