वेल्डेराथच्या मैदानाचा कठडा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

माझं नाव क्लेमेन्स. पन्नाशी ओलांडली आहे. हंगामात दिवसभर बीटाचा ट्रक चालवतो. घरी आल्यावर बूट काढायचासुद्धा कंटाळा येतो, गोष्टी कुठून रचणार? जे घडलं तेवढंच सांगतो.

भुताच्या गोष्टीत असते तशी ती रात्र नव्हती. नोव्हेंबरमधला रविवार होता, दुपारची वेळ. जागा म्हणजे आमचं जुनं गाव, वेल्डेराथ. कोळशाच्या खाणीच्या अगदी काठावर.

आता तिथे गाव नाही.

खाण सरकत सरकत जवळ आली, तसं कंपनीने आम्हाला उठवलं. लांब, बीटाच्या शेतांपलीकडे नवं गाव बांधून दिलं. नाव तेच ठेवलं. चर्च पाडलं. कबरीसुद्धा उकरून हलवल्या. त्यात माझ्या वडिलांचीही होती.

आणि आमचा फुटबॉल क्लब हलवला. जर्मानिया वेल्डेराथ.

पहिल्या महायुद्धानंतर वीटभट्टीवरच्या मजुरांनी तो काढला. शंभर वर्षांत एकदाच वरच्या गटात गेलो आणि पुढच्याच वर्षी धपकन खाली आलो. तरीही रविवारी मैदानावर जायचं म्हणजे जायचंच. पाऊस असो, ताप असो, बायको रुसलेली असो.

जुन्या मैदानाला लोखंडी पाइपांचा कठडा होता. भट्टीवरच्या टाकाऊ पाइपांचा. पिढ्यानपिढ्या लोकांनी कोपरं टेकवून तो गुळगुळीत केलेला. प्रत्येकाची जागा ठरलेली. माझे वडील लाम्बेर्ट लांबच्या गोलपोस्टमागे एकटेच उभे राहायचे. तिकडे दुसरं कोणी फिरकत नसे.

नव्या मैदानावर सगळं होतं. प्लास्टिकचं गवत, दिवे, गरम पाण्याचे नळ.

माणसं तेवढी नव्हती.

माझ्या बहिणीचा नवरा नोर्बर्ट म्हणाला, "टेकायला काही नाही, म्हणून म्हातारे घरात बसतात. जुना कठडा उचलून आणू या."

आम्ही तीन बाजू सोडवून आणल्या. लांबच्या गोलमागचा तुकडा राहिला. ट्रेलर भरला होता आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने गावाला कुंपण घातलं.

नव्या मैदानावर कठडा बसवला. पहिल्या सामन्याच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. सगळ्या पाइपवर पांढरं दव गोठलं होतं.

सगळ्या नाही…

मधूनमधून वितळलेलं होतं. कोपराएवढी जागा. मग दव. मग पुन्हा कोपराएवढी जागा.

मी एका ठिकाणी हात ठेवला.

लोखंड कोमट होतं.

म्हातारी मंडळी आली. त्यांनी पाहिलं. फक्त त्या जागा सोडून, मधे मधे उभी राहिली. एक बाई एका मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, "आलास होय? बरं झालं." आणि डोळे पुसून सामना बघू लागली.

त्या दिवसापासून माझ्या आईला चैन पडेना. दर रविवारी ती काठी टेकत कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. हातमोजा काढून पाइप चाचपायची.

"क्लेमेन्स, तुझे बाबा कुठे आहेत?"

"आई, त्यांना इथल्या दफनभूमीत आणलंय ना. तू स्वतः फुलं वाहतेस."

"हाडं आणली रे त्यांनी. माणूस कुठे आहे, ते विचारतेय मी."

खरं सांगतो, त्या वर्षी सगळेच इतके दमलो होतो, की अशा प्रश्नाचंही नवल वाटत नव्हतं.

शेवटी नोर्बर्टने कुंपणावरच्या पहारेकऱ्याला गाठलं. तो आमच्याच शेजारच्या क्लबचा जुना गोलकीपर. म्हणाला, "रविवारी दुपारी या. तुकडा घ्या आणि निघा. मी काही पाहिलं नाही."

तोच हा रविवार.

धुकं होतं. घरं पाडलेली, रस्ते मात्र तसेच. कुठे वळायचं ते ट्रेलर ओढणाऱ्या माझ्या गाडीलाच जणू पाठ होतं. मैदानात गुडघाभर गवत माजलेलं. पलीकडे खाणीतल्या महाकाय यंत्राची घरघर. ती रात्रंदिवस चालू असायची. आम्ही तिच्यातच झोपायचो, तिच्यातच उठायचो.

आम्ही कठड्यापाशी पोचलो.

आणि घरघर थांबली…

असली शांतता मी त्या गावात जन्मात ऐकली नव्हती.

मग खोकल्याचा आवाज आला. एकदाच. दबका.

"खोकलास का रे?" नोर्बर्टने विचारलं.

"नाही."

"मग सासरेबुवाच असणार," तो म्हणाला. "रेफ्रीला शिव्या देऊन घसा बसला असेल त्यांचा." तो हसला, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं.

पाइपवर दव होतं. एका जागी नव्हतं.

बोल्ट गंजून घट्ट झाले असतील म्हणून आम्ही मोठे पाने आणले होते. गरजच पडली नाही. बोटांनी फिरवले आणि निघाले. जणू कोणीतरी आधीच सैल करून ठेवले होते.

आम्ही पाइप उचलला. बाकीचे तुकडे उचलताना कंबर मोडली होती आमची. हा मात्र हलका लागला. फारच हलका.

नोर्बर्टने एकदा मागे पाहिलं. मग ट्रेलरपर्यंत त्याने मान वळवली नाही.

नव्या मैदानावर तो तुकडा गोलमागे बसवला. पुढच्या रविवारी आईला घेऊन आलो. तिने केस नीट विंचरले होते. वडिलांना आवडायचा तो निळा रुमाल गळ्यात बांधला होता.

तिने हातमोजा काढला. पाइपवर हात ठेवला.

"गरम आहे ना, आई?"

"आहे."

"मग?"

तिने हात थोडा सरकवला. आणखी थोडा.

"हे ते नाहीत, क्लेमेन्स."

"म्हणजे?"

"ही कोपरं टेकलेली नाहीत. कोणीतरी दोन्ही मुठींनी घट्ट धरलंय." तिचा आवाज खाली आला. "आणि थरथरतंय बघ. कोणीतरी फार घाबरलेलं आहे."

मी हात लावला. खरंच… पाइप बारीक थरथरत होता.

आमच्या क्लबमधला सगळ्यांत म्हातारा माणूस सेव्हेरिन. नव्वदी गाठलेला. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"त्या गोलमागे पूर्वी कोण उभं राहायचं?"

"तुझा बाप."

"त्यांच्याआधी?"

क्लबच्या शताब्दीला आम्ही आमचा इतिहास छापला होता. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांबद्दल एकच वाक्य आहे, की मैदान इतर कामासाठी वापरलं गेलं. ते वाक्य याच सेव्हेरिनने सांगितलं होतं.

"परदेशातून धरून आणलेली माणसं ठेवली होती तिथे," तो अखेर म्हणाला. "बीट काढायला. आम्ही पोरं होतो. तिकडे जायचं नाही, असं घरी बजावलं होतं."

"किती जण होते? नावं काय त्यांची?"

"सामना बघू दे मला," तो म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

जुनं मैदान वसंतात खाणीत गेलं. माझे वडील कुठे गेले, मला माहीत नाही.

आई मात्र दर रविवारी त्या गोलमागे जाऊन उभी राहायची. मी म्हणालो, "तो आपला कोणी नाही गं." ती म्हणाली, "एवढ्या लांबून आलाय. त्याच्याजवळ कोण उभं राहणार? तुझी ती क्लबची कमिटी?"

गेल्या आठवड्यात आईने अंथरूण धरलं. म्हणून परवाच्या रविवारी मी तिथे उभा राहिलो.

पाइप थरथरत होता. त्याला आमची भाषा कळत असेल का, ठाऊक नाही. शेवटी म्हणालो, "आपण एक गोलने मागे आहोत."

थरथर थांबली.

आणि ती ऊब पाइपवरून हळूहळू सरकत… माझ्या तळहाताखाली आली.

मी हात काढला नाही. खरं सांगायचं तर सामना संपेपर्यंत मला तो काढताच आला नाही.

येत्या रविवारी पुन्हा आमच्याच मैदानावर सामना आहे. आई अजून उठलेली नाही.