वाढदिवसाची रायफल

"कुलूप शाबूत आहे, किल्ली माझ्या गळ्यात आहे आणि रायफल गायब आहे," अजित सबनीस तिसऱ्यांदा म्हणाला. "आता बोला!"

कार्मेल डाबरे आधीच वैतागलेली होती. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली लाइनवर आज ट्रेनऐवजी बस होती, बसला कंटाळून तिने सारंगला गाडी काढायला लावली होती, आणि गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तिचं डोकं पार उठलं होतं. त्यात हा माणूस तेच तेच सांगत होता.

कार्मेल मूळची वसईची. मेलबर्नमध्ये रीतसर परवाना काढून खाजगी तपासाचं काम करायची. बहुतेक दिवस विम्यासाठी पाठदुखीचं सोंग आणणाऱ्यांच्या मागे जायचे. सारंग तिचा सहायक. आयटी कंपनीने नारळ दिल्यावर तो तिच्याकडे आला होता. माणूस प्रामाणिक, पण गोष्ट ध्यानात यायला जरा वेळ लागायचा.

"पोलिसांना कळवलंत?" तिने विचारलं.

"तेच तर नकोय! माझं लायसन्स जाईल ते जाईल, माझ्या मुलीचं, देवयानीचंही चौकशीत अडकेल. शनिवारी स्टेट टीमची ट्रायल आहे तिची. दोन वर्षं घासतेय पोरगी."

"बंदूक हरवली की कळवावंच लागतं. संध्याकाळच्या आत सापडली नाही, तर फोन मी करेन. कबूल असेल तर थांबते."

अजितने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून मान हलवली.

हकिकत अशी होती. आज दसरा आणि आजच देवयानीचा एकोणिसावा वाढदिवस. ती क्लबमध्ये रायफल चालवायची. तिच्यासाठी अजितने नवी कोरी पॉइंट टू-टू रायफल घेतली होती. सध्या ती त्याच्या नावावर होती, देवयानीचं परमिट आलं की तिच्या नावावर होणार होती. आज दुपारी सगळ्यांनी रेंजवर जाऊन तिच्या हातून पहिली गोळी उडवायची, हेच यंदाचं सीमोल्लंघन, असं त्याने जाहीर केलं होतं.

"काल रात्री तिजोरीत ठेवली. सकाळी उघडली, तर नाही."

"दाखवा."

तिजोरी गॅरेजमध्ये भिंतीला ठोकलेली होती. तिच्याकडे जाताना भिंतीला टेकवलेला उघडा बांबू सारंगच्या कपाळावर आदळला.

"गुढीची काठी आहे ती," अजित म्हणाला. "आईने पुण्याहून काठीसाठी खास खोळ शिवून पाठवलीय. लागलं का?"

"नो वरीज," सारंग कपाळ चोळत म्हणाला.

तिजोरीला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. आत रायफलची जागा रिकामी होती. वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तो बोल्ट," अजित म्हणाला. "रायफलची सरकती खिट्टी. तो मी काढून वेगळा ठेवतो. त्याच्याशिवाय गोळी उडत नाही. गोळ्या दुसऱ्या कुलपात, त्या आहेत."

"म्हणजे चोराला बोल्ट दिसला नाही," सारंग म्हणाला. "वेंधळा चोर!"

कार्मेलने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा कपाळ चोळू लागला.

बैठकीच्या खोलीत शिरताना सारंगने एक पाय उचलून मोज्यातून काहीतरी काढलं. तांदळाचा दाणा होता, कुंकू लागलेला. कॉफी टेबलाच्या उजवीकडे गालिच्यावर अक्षता सांडल्या होत्या. टेबलावर कालच्या खंडेनवमीची पूजा तशीच होती. लाल कापडावर स्टेथोस्कोप, लॅपटॉप, विळी, स्क्रूड्रायव्हर, गाडीच्या किल्ल्या, सगळ्यांना हळदकुंकू. मागच्या कडेला झेंडूऐवजी बॉटलब्रशची लाल फुलं. फुलांच्या अलीकडे टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टी मोकळी होती. उजव्या टोकाला निरांजन लवंडून कापडावर तेल पसरलं होतं.

"पूजा कोणी मांडली?"

"मीच. बायको, रेखा, नाइट शिफ्टला होती."

"शाळेत आम्ही पाटीपूजन करायचो," कार्मेल म्हणाली. "पूजेतलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, म्हणून अभ्यासाला सुट्टी. आणि उचलायच्या आधी अक्षता वाहून हलवायचं. बाई मला दरवर्षी चूक काढून दाखवायच्या."

अजितने विषय बदलला. "माझ्या भावाला विचारा. त्याला ही रायफल नकोच होती."

भाऊ म्हणजे हृषीकेश. कॅनबेऱ्याला गुंगालिनमध्ये राहायचा, सरकारी खात्यात होता. पुतणीच्या वाढदिवसाला आला होता आणि रात्री गेस्ट रूममध्ये झोपला होता.

"हो, नको होती," तो तडकून म्हणाला. "मी म्हटलं, पिस्तूल दे. तिचा स्कोअर मे महिन्यापासून घसरतोय. रायफल तिच्या अंगाला जड होते. मी पिस्तूलवाला आहे, मला कळतं. तर हा म्हणतो, क्लबची रायफल जुनी आहे, नवी घेतली की सगळं ठीक होईल. काल रात्री एक वाजेपर्यंत आमचं हेच. रायफल, पिस्तूल, रायफल, पिस्तूल!"

"म्हणून तुम्ही उचललीत?"

"आणि नेऊ कुठे? केबिन बॅग घेऊन आलोय मी."

"पूजेला बसला होतात?"

"मी? मी देवासमोर हात जोडून वीस वर्षं झाली. याने निरांजन लावलं तेव्हा मी बाहेर ओट्यावर बीअर पीत होतो."

"देवयानी काय म्हणत होती?"

हृषीकेशने डोकं खाजवलं. "ती… ती होती तिथेच. काही बोलली नाही."

रेखा हॉस्पिटलच्या गणवेशातच स्वयंपाकघरात उभी होती. ती परतली तेव्हा घरात बोंबाबोंब सुरू झाली होती.

"मला दोन्ही नको होतं," ती म्हणाली. "पण मी घेतली असती, तर सरळ पोलीस स्टेशनात नेऊन दिली असती. लपवाछपवी करायला माझ्याकडे वेळ कुठेय? चहा घ्या. देवयानी, ओत गं."

देवयानी उंच, शांत मुलगी होती. तिने मान जराशी उजवीकडे वळवून कार्मेलकडे पाहिलं आणि किटली उचलली. पहिली धार कपाच्या बाहेर बशीत पडली.

"लक्ष कुठेय तुझं? सकाळपासून हेच!"

"इट्स फाइन, आई. आय विल क्लीन इट."

"आज ट्रायलचा सराव नाही?" कार्मेलने विचारलं.

"रायफलच नाहीये, सो…" ती खांदे उडवून म्हणाली. "मला यूनीच्या लेक्चरची बॅग भरायचीय."

"गाडीचं लायसन्स, पी-प्लेट मिळवून दिली, गाडी दिली," अजित दारातून म्हणाला. "तरी बाईसाहेब ट्रेनने जातात. कशातच लक्ष नाही. नाचता येईना, अंगण वाकडं!"

देवयानी बॅग भरायला निघाली. बाहेर जाताना अर्धवट उघड्या दाराची कड तिच्या उजव्या खांद्याला लागली.

कार्मेल चहा न पिताच उठली. "सगळे बैठकीत या. मला वैताग आलाय, आणि तो मी आता वाटून टाकणार आहे."

सगळे जमले. सारंग अक्षतांपासून लांब बसला.

"पहिलं खोटं गिऱ्हाईकानेच सांगितलं," कार्मेल म्हणाली. "अजित, रात्री रायफल तिजोरीत नव्हती. तिजोरी उघडणारा चोर बोल्ट सोडून जाईल का? तो डोळ्यांसमोर होता. चोराने तिजोरी उघडलीच नाही, कारण रायफल बाहेर होती. इथे, या टेबलावर. ही मोकळी पट्टी तिचीच. खंडेनवमीला शस्त्र पुजायचं आणि दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून तुम्ही ती रात्रभर उघड्यावर ठेवलीत. या देशात तो गुन्हा आहे, म्हणून माझ्याशी खोटं बोललात."

अजितचा चेहरा पडला. "बोल्ट काढला होता मी. एक रात्र… आमच्याकडे आजोबांची तलवार अशीच असायची."

"तलवारीला परमिट लागत नव्हतं. आता, उचलली कोणी? उचलणाऱ्याने आधी अक्षता वाहिल्या. म्हणजे हात न जोडणारे हृषीकेश नव्हेत. रेखा घरी आली तेव्हा ओरडा सुरू झाला होता."

सारंग सावरून बसला. "मग अजितनेच…"

"अजितने पूजा मांडली, तेव्हा एक फूल वाकडं ठेवलं नाही. पण या अक्षता बघ. हातभर अंतरावरून टाकल्या आणि टेबल सोडून गालिच्यावर पडल्या. मग उजवीकडचं निरांजन लवंडलं. चहाची धार बशीत गेली, दाराची कड लागली, तीही उजव्याच खांद्याला. पी-प्लेट असून गाडी चालवायची नाही. माझ्याकडे बघताना मान उजवीकडे वळवायची, म्हणजे डावा डोळा पुढे येतो." तिचा आवाज खाली आला. "देवयानी, डावा डोळा झाक. त्या भिंतीवरच्या वाढदिवसाच्या कार्डावर तुझ्या बाबांनी काय लिहिलंय?"

कार्ड मोठं होतं. अक्षरं वीतभर. देवयानीने हात डोळ्यावर नेला, कार्डाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"आय कान्ट," ती म्हणाली. "पांढरं दिसतं फक्त. मला माहितीये तिथे काय असेल, पण वाचता येत नाही."

तिथे लिहिलं होतं, 'देवयानी, आता नेम चुकायचा नाही.'

"रायफल गॅरेजमध्येच आहे," कार्मेल म्हणाली. "गुढीची काठी आज उघडी का, तिची खोळ कुठे गेली? सारंगचं कपाळ विचारतंय."

सारंग धावला. गॅरेजच्या माळ्यावर तंबूच्या काठ्या आणि बीचच्या छत्रीमागे आजीने शिवलेली खोळ होती. आत रायफल. दस्त्यावर कुंकवाचं बोट तसंच होतं.

"कायमची नव्हती लपवली," देवयानी रडू लागली. "फक्त आजचा दिवस. तुम्ही सगळे रेंजवर येणार होतात ना! सगळ्यांसमोर कळलं असतं. नवीन रायफल, आणि तरी मिस. मग काका म्हणणार पिस्तूल, बाबा म्हणणार आणखी चांगली रायफल. मी तोंड उघडायच्या आधीच तुमच्याकडे उत्तर असतं! आय वॉज सो टायर्ड."

रेखाने मुलीचा चेहरा खिडकीकडे वळवला, पापणी वर केली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"रात्रभर लोकांच्या डोळ्यांत टॉर्च मारते मी," ती म्हणाली. "आणि घरी आल्यावर तुला म्हणते, लक्ष कुठेय." तिने फोन काढला. "डोळ्यांच्या इमर्जन्सीत नेते. आत्ताच."

"शनिवारी…" हृषीकेश पुटपुटला.

"शनिवार गेला खड्ड्यात!"

अजितने रायफल तिजोरीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. मग स्वतःहून पोलिसांना फोन लावला. रायफल रात्रभर उघड्यावर होती, दिवसभर माळ्यावर, चूक माझी, असं त्याने सरळ सांगितलं. ते यायला निघाले होते. लायसन्स बहुधा जाणार होतं.

"देवयानीवर येऊ देणार नाही," तो कार्मेलला म्हणाला.

"तुमच्या हातात आहे तेवढं करा. या वेळी खरं बोललात, हेच पुष्कळ."

देवयानी दारात बूट घालत होती. अजित तिच्यासमोर खाली बसला. उजव्या बुटाची नाडी तिच्या हाताला सापडत नव्हती. त्याने ती घेतली.

"कधीपासून गं?"

"मे. नॅशनल्सच्या नंतर."

"मेमध्ये मी तुला काय म्हणालो होतो?"

"की मी डोळे उघडे ठेवून बघत नाही," देवयानी म्हणाली.

अजितला नाडीची गाठ मारायला बराच वेळ लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला काही दिसत नव्हतं.