पांढऱ्या गोळ्यामागे

दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसता आणि अंधार पडला की म्हाताऱ्याच्या मागे लागता, सांगा, सांगा! एकदाच सांगतो. मध्ये कुणी खिदळलं तर उठून झोपायला जाईन. गोष्ट माझी नव्हे, माझ्या साडूची, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याची. खोटी असेल तर ही जीभ झडो.

साडू सैन्यात ट्रक चालवायचा. रात्री ताफा निघाला की पुढचे दिवे बंद. प्रत्येक ट्रकच्या मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्याला पांढरा रंग दिलेला, त्यावर मिणमिणता बल्ब. मागच्यानं तेवढा गोळा बघत चालायचं. एका घाटात तो गोळा एकदम दिसेनासा झाला. साडूला वाटलं, आपण मागे पडलो. दाबला ॲक्सिलरेटर. पुढचा ट्रक दरीत गेला होता... हाही गेला. पुढच्या ट्रकवरचा त्याचा जिवाभावाचा दोस्त मेला. हा वाचला, पण कसला वाचला! मान कायमची ताठ. उजवा पाय बधिर, पायाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. बारा वर्षं रोज झोपेत तो पाय पलंगाच्या फळीवर दाबायचा, आणि माझी मेहुणी उशाशी जागत बसायची. गोळी लागली असती तर लोकांनी हार घातले असते. ट्रक उलटला म्हटल्यावर विचारायचे, किती ढोसली होती?

नऊ वर्षांपूर्वी, ऑक्टोबरची चौदा तारीख. रात्री दोनला साडू माझ्या दारात.

"टेम्पोची किल्ली दे. पोरीला कळा लागल्यात. मूल आडवं आहे."

"तू चालवणार? बारा वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाहीस!"

"मग तू चल."

माझ्या डोळ्याचं आदल्याच दिवशी ऑपरेशन झालेलं, पट्टी होती. जावयाला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही. दिली किल्ली. पाव पोचवायचा माझा बंद डब्याचा टेम्पो. मागे पोरगी आणि जावई, पुढे साडू एकटा. मध्ये पत्रा.

पाऊस थांबला होता, पण कालव्याच्या रस्त्यावर पाणी साचलेलं. चाक खड्ड्यात आपटलं आणि दोन्ही दिवे गेले. मागे पोरगी किंचाळत होती. थांबून चालणार नव्हतं.

तेवढ्यात पुढे... एक पांढरा गोळा. मिणमिणता.

साडू त्याच्या मागे लागला. जुनी सवय, दुसरं काय! गोळा वळला की हा वळायचा. इंजिनाचा आवाज मात्र एकच येत होता. आपलाच.

मागून जावयानं पत्रा बडवला. "मामा, दिवे लावा की! दिसतंय का काही?"

"दिसतंय."

आणि गोळा गेला.

काळोख.

पाय... दाबायला लागला. कशावर आहे, कळेना. मान वाकेना. गाडीनं वेग घेतला... त्यानं स्टिअरिंग सोडलं. दोन्ही हातांनी पँट धरून पाय उचलला आणि शेजारच्या ब्रेकवर आपटला.

थांबली.

जावयानं उतरून मोबाईलचा दिवा धरला. पुढच्या चाकापासून वीतभरावर रस्ता संपलेला, पुढे कालव्यावरचा पूल नव्हता. वाहून गेलेला.

साडूला मान वळवून मागे बघता येईना, म्हणून जावई पत्रा ठोकत चालला आणि त्या आवाजावर गाडी मागे घेतली. मग जावई पुढे बसून खिडकीतून मोबाईलचा दिवा धरत, गिरणीवरच्या रस्त्यानं साडेचारला दवाखाना गाठला. पोरगी वाचली. बाळही वाचलं.

सकाळी जावई माझ्या दारात. साडूनं त्याला गोळ्याचं सांगितलं होतं.

"काका, डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाच्या हातात किल्ली दिलीत! नशिबानं थांबला तो. त्याच्याहून तुम्ही वेडे."

मी दंडाला धरून त्याला पुलापाशी नेलं.

चिखलात आमच्या टेम्पोच्या खुणा काठापाशी संपल्या होत्या. त्यांच्या खाली दाबल्या गेलेल्या... दुसऱ्या. रुंद. मागे दोन-दोन चाकं. मोठ्या ट्रकच्या.

त्या संपल्या नव्हत्या. काठावरून सरळ गेल्या होत्या.

खाली उतरून बघितलं. ट्रक नाही. काचेचा तुकडा नाही. तेलाचा थेंब नाही. पुढं चार ठिकाणी विचारलं, कुणाची गाडी हरवलेली नाही.

जावई वाकला. खुणेत बोट घातलं. मग उठला, बोट पँटला पुसलं आणि घरी गेला.

मला वेडा म्हणाला होता. माफी अजून मागायची आहे. कुणी? अरे, दुसरं कोण, साडूच्या जावयानं!