कामरेजला थांबणारी गाडी

ओंकार आमच्या कामरेजच्या गॅरेजात पहिल्यांदा आला तो चाकात हवा भरायला. माझं लक्ष मात्र त्याच्या डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे गेलं. डिझेल गाडीची काजळी अडवणारा फिल्टर तुंबला की तो दिवा लागतो. कधीपासून पेटलाय, असं विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं, शोभेला आहे."

मी हसले नाही. गिऱ्हाइकाला हसायचं नाही, ही आप्पांची, माझ्या वडिलांची, शिकवण.

फिल्टर उतरवला, यंत्रावर धुतला, वाळवून परत बसवला आणि कॉम्प्युटर लावून रिसेट केला. तेवढा वेळ तो स्टुलावर बसून माझ्या काळ्या हातांकडे बघत होता. त्याची नोकरी हजीऱ्याच्या कारखान्यात, क्वार्टर शेजारीच, त्यामुळे गाडी कधी नीट तापतच नव्हती. दर रविवारी हायवेवर लांब चक्कर मारा, काजळी आतल्या आत जळून जाईल, असं मी बजावलं. सुरतेत सगळं गिऱ्हाईक मला अश्विनीबेन म्हणतं. हा जाताना 'बेन' म्हणायचं टाळून नुसतंच "येतो..." म्हणाला. माझ्या ते लक्षात राहिलं, इतकंच.

दिवा पुन्हा लागला. मी फिल्टर पुन्हा धुतला. दिवा पुन्हा लागला.

दरम्यान रविवारी हायवेवर निघाला की तो आमच्याकडे डोकावायचाच. चहा घ्यायचा, आप्पांशी गप्पा मारायचा, माझ्याकडे चोरून बघायचा आणि घरी जायचा. मला रविवार आवडायला लागला होता, खोटं कशाला बोलू? पण धुलाईचं यंत्र मी आप्पांच्या मागे लागून आणवलं होतं आणि आता त्याच्यावरचा त्यांचा विश्वास उडत चालला होता.

"त्याले सांग, नवा फिल्टर टाकी ले," आप्पा म्हणाले. "अन् हाई मशीन आपन इकी टाकू."

यंत्र विकायचं म्हणजे माझं काम संपलं. तिसऱ्या वेळी मी फिल्टरला हात लावण्याआधी कॉम्प्युटर नीट वाचला. काजळी जळायला दर रविवारी सुरुवात होत होती, आणि दर रविवारी ती अर्धवट जळालेली असतानाच इंजिन बंद होत होतं.

"रविवारी गाडी कुठे बंद करता?" मी विचारलं.

त्याने कानाची पाळी चोळली. "इथे... तुमच्या दारात."

"मी पुढे जायला सांगितलं होतं. भरूचपर्यंत."

"भरूचला जाऊन काय करू?" तो म्हणाला. "तू तर इथे असतेस."

आधी मला रागच आला. माझं यंत्र विकायला निघालं होतं ते या माणसाच्या चहापायी. मग एवढा आनंद झाला की पाना कुठे ठेवला तेच आठवेना.

"म्हणजे... आता येऊ नको?" त्याने किल्ली उचलली.

"यायचं. पण इंजिन चालू ठेवायचं," मी म्हणाले. "मी रस्त्याकडेला उभी असेन. मी बसले की निघायचं."

त्या रविवारी मी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसले. आप्पांनी दारातून पाहिलं. अंकलेश्वर यायच्या आतच सगळी काजळी जळून गेली. यंत्र राहणार होतं.

नर्मदेच्या पुलावर त्याने विचारलं, "आता थांबलं तर चालेल?"

मी कॉम्प्युटर मिटला.

"अजून नको," मी म्हणाले.