भिंतीपलीकडची खोली

खांद्यावर फळी घेऊन तो हॉलमध्ये शिरला आणि तिची चार मिनिटांची मेहनत पाण्यात गेली.

तो सुतार. बंद पडलेल्या त्या शंभर वर्षांच्या हॉटेलाचं लाकूडकाम पुढे त्यालाच दुरुस्त करायचं होतं, म्हणून आधी पाहायला आला होता. ती मोजणीवाली. दुरुस्तीचा हात लागण्याआधी इमारत आज जशी आहे तशी टिपून ठेवायची... प्रत्येक तडा, प्रत्येक पोपडा, प्रत्येक वाकलेली तुळई. तिपाईवरचं तिचं यंत्र स्वतःभोवती फिरत लेझरने खोली मोजायचं आणि टॅबलेटवर लाखो ठिपक्यांची हुबेहूब खोली उभी करायचं. मध्ये कोणी कडमडलं, तर तेही ठिपक्यांत जाऊन बसायचं.

"झालं. आता या हॉलच्या मधोमध एक सुतार कायमचा उभा राहिला," ती म्हणाली.

"जागा चांगली आहे," तो म्हणाला. "उजेडही येतो."

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम होतं. तिने त्याला दोन नियम ऐकवले. यंत्र फिरताना आडवं यायचं नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. धूळसुद्धा जिथल्या तिथे राहिली पाहिजे.

पहिला नियम तो चटकन शिकला. यंत्राच्या नजरेत यायचं नसेल, तर ते वळेल तसं त्याच्या बगलेने पाऊल पाऊल सरकायचं. मग दोघं सरकू लागली, अगदी खांद्याला खांदा न लावता... पण फार लांबही नाही. बारा दिवसांत त्याने तिला लाकूड नुसतं ठोकून त्याच्या पोटातली कीड ओळखायला शिकवलं. आपल्या थोरल्या बहिणीच्या तक्रारी सांगितल्या. तिने वहिनीच्या सांगितल्या. स्वयंपाक कोणाला जास्त वाईट जमतो, यावर एक अख्खी दुपार गेली आणि निकाल काही लागला नाही.

तो तिला आवडू लागला होता. रोज सकाळी केस दोनदा विंचरले जात होते, तेव्हाच वहिनीने ओळखलं होतं. पण गडी जगभरच्या लाकडांवर बोलायचा आणि नेमक्या त्या गोष्टीवर तोंडात मिठाची गुळणी! उद्या ती दुसऱ्या गावच्या कामाला निघणार होती. तो आज बोलला नाही, तर विषयच संपला.

ती सामान आवरत होती, तेवढ्यात थोरल्या मॅडमचा फोन आला. ऑफिसात बसून त्या सगळी मोजणी तपासायच्या आणि त्यांच्या नजरेतून खिळासुद्धा सुटायचा नाही.

"हॉलच्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे काय आहे?"

"रस्ता आहे, मॅडम."

"मला तिथे एक खोली दिसतेय. त्यात दोन माणसं उभी आहेत."

तिने टॅबलेटवर हॉलची काल पुन्हा केलेली मोजणी उघडली. खरंच, भर रस्त्यावर ठिपक्यांची एक अख्खी खोली उभी होती. हे फक्त आरशाने होतं. लेझर आरशावरून परततो आणि समोरचं सगळं, यंत्राआड सरकणारी माणसंसुद्धा, भिंतीपलीकडे दाखवतो. पण त्या भिंतीवरचा उंच आरसा तर धुळीने आंधळा झाला होता. तिने मान वर करून पाहिलं. आरसा लख्ख होता. तिने ते मॅडमना सांगितलं.

उद्या निघण्याआधी आरसा झाकून पुन्हा मोजा आणि तो कोणी, का पुसला ते नोंदवा, एवढं सांगून मॅडमनी फोन ठेवला.

"तुम्ही पुसलात?" तिने विचारलं.

सुताराने मान खाली घातली. "काल. तुम्ही येण्याआधी."

"सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?" तिने टॅबलेट त्याच्यापुढे धरला. ठिपक्यांच्या माणसाला चेहरा नसला, तरी नाक कुठे वळलंय ते कळतं. तिचं टॅबलेटकडे होतं. त्याचं थेट आरशाकडे. "आणि वर स्वतःलाच न्याहाळत बसलात?"

"स्वतःला नाही," तो म्हणाला.

तिने टॅबलेट खाली केला.

"शेजारी चालताना मान वळवून बघायचं म्हणजे... तुम्हाला कळलं असतं. आरशात बघितलं, तर कोणाला कळणार होतं?" तो म्हणाला. "दोनच दिवस उरले होते. मला तुम्ही फार आवडता. हेच लिहा नोंदीत. काम गेलं तर जाऊ दे."

तिचे कान तापले. तिने नोंदवही उघडली आणि लिहिलं, 'लाकडी चौकट तपासताना सुताराने आरसा पुसला.' मग त्याला वाचून दाखवलं.

"हे खरं कारण नाही," तो म्हणाला.

"चौकट तपासलीत की नाही?"

"तपासली. पण..."

"मग हे मॅडमसाठी. खरं कारण माझ्यासाठी होतं, ते मला मिळालं." आणि आवाज शक्य तितका साधा ठेवत ती पुढे म्हणाली, "नवं गाव इथून बसने दोन तासांवर आहे. रविवारी मला सुट्टी असते."

"पहिली बस साडेसहाला आहे," तो ताबडतोब म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"परवाच विचारून आलो."

या वेळी तिने हसू गिळलं नाही. टॅबलेट बंद केला, आणि तिने आपणहून त्याचा हात हातात घेतला.