ओजसच्या नावावर सात किलोमीटर

शेवटी ती ‘हो’ म्हणाली.

हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. मिझुकुरा गावाच्या नोंदवहीत असं काही घडलेलं नाही, आणि जपानात जे नोंदवहीत नाही ते घडलेलं नसतं. तेव्हा पाटी कोरी करून सुरुवात करू.

तर नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी क्षितिज मिझुकुराच्या चिमुकल्या स्टेशनावर उतरला, तो एका मुलीला नकार द्यायला. नकार त्याचा नव्हता, त्याचा रूममेट ओजस याचा होता. दोघं इचिकावात दोन खोल्यांत राहायचे आणि तोयोसूच्या एकाच ऑफिसात कोड लिहायचे. ओजसचं तिथल्याच एकीशी जमलं होतं, पण हे पुण्याला घरी सांगायची त्याची छाती होत नव्हती. पुण्याने मात्र वैभवी नावाचं स्थळ शोधून ठेवलं होतं. छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळत होते. मुलगीही जपानातच. मग काय, ‘भेटून तरी घ्या!’

“मेसेजवर नाही म्हणणं बरं दिसत नाही रे,” ओजस म्हणाला होता. “तू जाऊन सांग. माणसाने माणसाला सांगितलं की कमी लागतं.”

“मग तू का जात नाहीस? तू माणूस नाहीस?”

“महिनाभर कचरा मी काढीन. सगळा वेगवेगळा करून. बाटल्यांची झाकणंसुद्धा.”

झाकणांवर क्षितिज विरघळला.

जागा मुलीकडून सुचवली गेली होती – ‘मिझुकुराची सोपी वाट’. वर्षातून एकच रविवार गावकरी ही वाट मांडतात. कापणी झालेली भातशेतं, कालव्याकाठी सोया सॉसची जुनी कोठारं, एक देऊळ, पाच ठिकाणी पाच शिक्के आणि शेवटी प्रमाणपत्र. माहितीपत्रकात आणखी एक गंमत होती. पोलंडमधल्या कुठल्याशा जुन्या बाजारगावातल्या पायवाटेशी या वाटेचा मैत्रीकरार झाला होता. दोन्ही वाटांनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. पण दोघी सोप्या, दोघी सात किलोमीटरच्या, दोघींच्या घरचं वळण जुनं. मोठ्यांनी गुण जुळवले, सह्या केल्या. वीस वर्षं झाली, तक्रार नाही.

स्टेशनाबाहेरच्या टेबलामागे मोरिता आजोबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, दंडाला पिवळी फीत, हातात लाकडी फूटपट्टी. आणि टेबलाशी एक मुलगी उभी होती. हातात पारदर्शक छत्री, भुवईवर भुरभुर पावसाचा एक थेंब... पडू की नको अशा विचारात.

“ओजस?” तिने विचारलं.

‘नाही, मी त्याचा मित्र’ हे वाक्य क्षितिजने गाडीत अकरा वेळा घोकलं होतं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात तो भिजू नये म्हणून तिने घाईघाईने छत्री पुढे केली आणि छत्रीची काडी थेट त्याच्या कानात गेली.

“अगं आई गं!”

“सॉरी, सॉरी! लागलं? बघू...” ती एकदम जवळ आली. थेंब पडला. त्याच्याच हातावर.

वाक्य हरवलं. तोवर मोरिता आजोबांनी ‘ओजस’ आणि ‘वैभवी’ अशी दोन्ही नावं शाईने, फूटपट्टीच्या काठाला धरून लिहूनही टाकली होती. मागे सोळा ज्येष्ठ नागरिक काठ्या घेऊन रांगेत खोळंबले होते.

“जोडीला एकच कार्ड,” मोरिता आजोबा म्हणाले. “शिक्क्याच्या वेळी दोघंही हजर हवेत.”

पहिल्या शिक्क्यापाशी सांगून टाकू, असं क्षितिजने ठरवलं.

पहिला शिक्का कोठारांपाशी होता. कोठाराच्या दगडी जोत्यापाशी ती एकदम खाली बसली आणि मांजर कुरवाळावं तसा दगड कुरवाळू लागली.

“शेवाळ आहे ते,” क्षितिज म्हणाला. “घसराल.”

“शेवाळ नव्हे हो, मॉस! याला खरी मुळंसुद्धा नसतात. नुसतं धरून ठेवतं... बोट लावा ना.”

त्याने बोट लावलं. ओलं, मऊ, गार. शेजारी तिचं बोट. सांगायचं राहिलं.

“बायोडेटात तुम्ही डेटा अ‍ॅनालिस्ट आहात ना?” त्याने विचारलं.

“हो... म्हणजे, हाच डेटा.” ती गडबडीने उठली आणि त्याला आपादमस्तक न्याहाळू लागली. “आणि तुम्ही पाच फूट अकरा ना?”

क्षितिज पाच फूट सात होता. “पावसात आकसतो.”

“अच्छा.”

“तुम्ही पाच सहा.” ती त्याच्या हनुवटीशी संपत होती.

“चपलांसकट.”

“कुठल्या चपला?”

“आईच्या,” ती म्हणाली आणि भराभर पुढे निघाली.

बायोडेटात सगळेच थोडं वाढवून लिहितात, असं मनाशी म्हणत क्षितिज छत्रीखाली घुसला. छत्री एकीला पुरेल एवढी होती, त्यामुळे दोघांचा एकेक खांदा भिजत होता. उरलेले दोन कोरडे होते आणि एकमेकांना लागत होते. ते दोघांच्याही लक्षात आलं होतं आणि छत्री कोणी हलवत नव्हतं.

शेतांच्या बांधावर नारिंगी फळांनी लगडलेलं झाड लागलं.

“ही काकी,” ती म्हणाली. जपानीत त्या फळाचं नावच ते.

“नमस्कार करू?”

“कराच. बघा ना, फांद्याफांद्यांवर बसून टक लावून बघतायत, कोण कुणाबरोबर चाललंय ते.”

क्षितिजने खरोखरच हात जोडले आणि वाकून म्हणाला, “काकी, आशीर्वाद असू द्या.” ती इतकी हसली की छत्री उडून भातशेतात गेली. ती आणायला दोघं गुडघाभर चिखलात उतरले आणि वर येताना त्याने दिलेला हात तिने सोडला तो दुसऱ्या शिक्क्यापाशीच. शिक्का मारायला हात लागतो म्हणून.

तिथेही सांगायचं राहिलं. तिसऱ्यापाशी तर त्याला आठवलंसुद्धा नाही, आणि हे आठवल्यावर तो घाबरला. अरे, आपण आलोय कशाला? हिला दुखवायला. आणि ही मघापासून आपल्याला ‘ओजस, ओजस’ म्हणतेय, आणि आपण वळून बघतोय!

चौथा शिक्का देवळात होता. सोप्या वाटेला ऐंशी पायऱ्या होत्या. वर पोचेपर्यंत क्षितिजच्या छातीचा भाता झाला.

“बायोडेटात ट्रेकिंग लिहिलंय तुमच्या.”

“छंद आहे,” तो धापा टाकत म्हणाला. “सवय नाही.”

वर पोलंडहून भेट आलेला एक लाकडी बाक होता. त्यावर बसून तिने पिशवीतून अंड्याचं सँडविच काढलं आणि अर्धं त्याला दिलं.

“तुम्ही शुद्ध शाकाहारी ना?” त्याने विचारलं.

“रविवारी नाही.” सँडविचचा कागद तिने चार घड्या घालून उलगडला, परत घातल्या. “ओजस... मला एक सांगायचंय. मला जमणार नाही हे. माझा नकार आहे. घरी तसं कळवा... प्लीज.”

वास्तविक काम फत्ते झालं होतं. नकार द्यायलाही लागला नाही, आयता मिळाला. ओजसला हवा होता तसाच. मग हा तोटा कुणाच्या नावे पडला? क्षितिजला काही केल्या हिशोब लागेना. नकार ओजसला, बायोडेटा ओजसचा, उंचीसुद्धा ओजसची. फक्त दुखतंय ते आपलं.

“का?” त्याने विचारलं. ओजसने विचारलं असतं म्हणून नव्हे.

“तुम्ही बायोडेटापेक्षा फार वेगळे निघालात.”

“म्हणजे वाईट?”

“वाईट नाही ना!” ती जवळजवळ रडवेली होऊन म्हणाली. “तोच तर घोळ आहे!”

शेवटचा किलोमीटर उरला. पाऊस थांबला होता, तरी तिने छत्री मिटली नव्हती. चार बाराची गाडी होती. ती गाडीत बसली की संपलं. तिच्या आठवणीत तो कायमचा ओजस. आणि खरं सांगावं, तर ती म्हणणार, दिवसभर मला खेळवलंत. दोन्हीकडून तीच गाडी.

शेवटच्या टेबलाशी मोरिता आजोबांनी पाचवा शिक्का मारला आणि नावं मोठ्याने वाचली. “ओजस-सान. वैभवी-सान. बरोबर?”

“चुकलंय,” क्षितिज जपानीत म्हणाला. “मी ओजस नाही.” मग तो तिच्याकडे वळला आणि मराठीत सुटला. “मी क्षितिज. ओजसचा रूममेट. तुम्हाला नकार द्यायला आलो होतो, महिनाभराच्या कचऱ्याच्या बदल्यात. पहिल्या शिक्क्यापाशी सांगणार होतो, मग दुसऱ्या... आणि चौथ्यापाशी तुम्हीच नकार दिलात, तो ओजसला लागायचा तर मलाच लागला. राग आला असेल तर येऊ दे. पण दुसऱ्याच्या नावाने मला तुमच्या लक्षात राहायचं नाहीये.”

दूर रेल्वे फाटकाची घंटी वाजू लागली... टण टण टण.

मग ती मोरिता आजोबांकडे वळली. “माझंही नाव चुकलंय.”

“काय?” क्षितिज ओरडला.

“मी नेत्रा. वैभवीची रूममेट. तिला दोन वर्षं लग्नच करायचं नाहीये. मीसुद्धा नकारच घेऊन आले होते. चिवड्याच्या एका डब्यावर.”

“आणि मॉस?”

“माझी पीएचडी. ही वाटही मीच सुचवली, मॉस बघायला.”

“उंची?”

“पाच एक.”

“अंडं?”

“रोज.”

क्षितिज मटकन खुर्चीवर बसला. “म्हणजे नकार नक्की कोणी कोणाला दिला?”

“त्यांनी त्यांना,” नेत्रा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “आपण... आपण अजून कोणी कोणाला काही दिलेलंच नाही.”

मोरिता आजोबांनी नियमावली उघडली. चुकलेलं नाव दोन रेघांनी खोडता येतं, पण त्यावर ज्याचं नाव त्याचाच, जपानात सहीऐवजी चालतो तो, नावाचा शिक्का लागतो.

“ओजस-सान कुठे आहेत?”

“घरी झोपलेत.”

“पण ते तर सात किलोमीटर चालले.”

“मी चाललो!”

आजोबांनी त्याच्या चिखलाने माखलेल्या पॅन्टकडे मनापासून दुःखाने पाहिलं. “आपली नोंद नाही. पुढच्या वर्षी जरूर या.” आणि ओजस-वैभवीचं प्रमाणपत्र त्यांनी दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, क्षितिजला दिलं.

चार बाराची गाडी आली आणि गेली. दोघांपैकी कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

“पुढच्या वर्षी येशील?” क्षितिजने विचारलं. “माझ्या नावाने?”

“वेडा आहेस का? वर्षभर काय करू मी?... पुढच्या रविवारी.”

“शिक्के नसतील.”

“नसू देत.”

“प्रमाणपत्र नाही मिळणार. आणि कान सांभाळून धर छत्री, कारण मला खरंच... म्हणजे मला तू...”

“क्षितिज,” ती म्हणाली. आपलं नाव दिवसभरात पहिल्यांदा ऐकल्यावर तो जागच्या जागी थांबला. “हो म्हणतेय मी.”

तर हे घडलेलं नाही. दुरुस्तीसाठी ओजसचा शिक्का मागितला, तेव्हा तो म्हणाला, “नाव खोडलं तर पुण्याला कळेल मी गेलोच नव्हतो.” वैभवीनेही तेच सांगितलं. तेव्हा सहाव्या रविवारी, शिक्के नसलेली तीच वाट चालून आल्यावर, पोलंडच्या बाकावर बसून दोघांनी एक अर्ज लिहिला. जपानी नेत्राचं, चुका क्षितिजच्या. त्याचा मराठी मसुदा असा:

प्रति,
मा. अध्यक्ष, सोपी वाट समिती, मिझुकुरा

विषय: नोंदीत दुरुस्ती होणेबाबत

महोदय,

नोव्हेंबरातील आपल्या कार्यक्रमात आम्ही खाली सही करणारे दोघे वाटेवर हजर होतो. ज्यांच्या नावे नोंद आहे, ते नव्हते. तरी त्यांची नावे दोन रेघांनी खोडून तेथे आमची लिहावीत. हे नियमात बसत नसल्यास, सदर रविवार त्याच पावसासह, सकाळी साडेदहापासून पुन्हा घेण्यात यावा, ही नम्र विनंती. छत्री आम्ही आणू. एकच.