बंद खोलीतले स्पीकर

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतींना जाड स्पंज, दाराला रबराची पट्टी, मधोमध एकच खुर्ची आणि समोर माणसाएवढे दोन स्पीकर. चिमीचे बाबा रोज तिथे गाणी ऐकत बसायचे. बाहेरचा आवाज आत नको, आतला बाहेर नको, असा त्यांचा कडेकोट बंदोबस्त. आई जेवायला हाक मारी, चिमी दार वाजवी. ओ कधीच यायची नाही. त्या रात्रीही आली नाही, तेव्हा नेहमीसारखं दोघींनी जेवून घेतलं आणि झोपल्या. दार उघडलं ते सकाळी. बाबा गेले होते.

आता आई म्हणत होती, विकायचं.

"बाबांचं आहे ते!" चिमी रडकुंडीला आली.

"त्यांचंच होतं. आपल्याला कधी शिवू तरी दिलं का?"

दुपारी जुन्या यंत्रांचा दुकानदार आला. तबकडी लावून खुर्चीत बसला, खूश होऊन मान डोलवू लागला. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत त्याने डोळे उघडले. "दार वाजतंय वाटतं, वहिनी."

दार सताड उघडं होतं.

पुढच्या शांततेत आईनेही ऐकलं. ठक ठक. मग तिचाच आवाज, "अहो, जेवायला येताय ना?"

"जुनी मशीनं काहीबाही पकडतात हो," दुकानदार हसला. पण हसता हसता त्याने एकूण एक वायर काढून टाकली. "चीज आहे, यात वाद नाही. संध्याकाळपर्यंत कळवा."

आई त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. चिमी आतच थांबली. आपल्या हाका आत पोचत होत्या तर! तिने स्पीकरच्या जाळीला कान लावला.

ठोके चालूच होते. पण आता ते बाहेरून नव्हते. आतून होते, दाराच्या अगदी खालून, पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथून.

"चिमे... आईला बोलाव."

मागे पावलं वाजली. "काय गं, ऐकू येतंय काही?"

"नाही. आई, विकून टाक. आजच."

"अगंबाई! आणि मघाशी? सरक, मला ऐकू दे."

चिमी उठली आणि दोन्ही हात पसरून, जाळीला पाठ घट्ट लावून उभी राहिली.

पाठीला एक ठोका लागला. मग आणखी एक.

ती हलली नाही.